नाशिकहून एका दिवसाची भटकंती: आधी दिशा ठरवा, मग गाव

नाशिक जिल्ह्याचा नकाशा काढा आणि शहरातून एक उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडे त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, हरसूल. उजवीकडे सिन्नर, निफाड, येवला, मनमाड. जुलैत डावीकडे समोरचा डोंगर दिसत नाही इतका पाऊस लागलेला असतो, तेव्हा उजवीकडे सिन्नरचा शेतकरी दुबार पेरणीच्या चिंतेत असतो. दोन्हींत अंतर जेमतेम तासाभराचं. सकाळी निघून रात्री घरी यायचं असेल तर नाशिककरानं किलोमीटर नंतर मोजावेत, आधी महिना बघावा. माझ्या मते निम्मं नियोजन इथेच होतं.

मी नाशिकरोडला एका पतसंस्थेत कारकुनी करते. सुटी रविवारची. वाहन म्हणजे स्कूटर, नाहीतर एसटी, नाहीतर रेल्वे. सोबतीला वहिनी, तिचा दहावीतला मुलगा आणि गुडघ्यांचा मूड असेल त्या रविवारी सासूबाई. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते मोठी गाडी आणि तीन दिवस हाताशी असणाऱ्यांसाठी नाही. रविवारी रात्री सोमवारची भाजी निवडायची आहे, अशांसाठी आहे.

महिन्यांचा हिशेब साधा आहे. जून ते सप्टेंबर पूर्वेला जा: सिन्नर, अनकाई-टंकाई, चांदवड. पाऊस बेताचा, डोंगर हिरवे, निसरडं कमी. सप्टेंबर उतरताना आणि ऑक्टोबरात पश्चिमेला वळा, कारण अंजनेरीच्या पठारावर तेव्हा फुलं असतात आणि धबधबे अजून आटलेले नसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुठेही जा. एप्रिल-मेमध्ये एकच नियम: अकरा वाजता सावलीत. लेणी आणि देवळं चालतील, किल्ला नको.

मुंबईचे पाहुणे उंचीचे आकडे वाचून घाबरतात. अंजनेरी १२८० मीटर म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. पण नाशिकच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. म्हणजे निम्मी उंची आपण घरबसल्याच गाठलेली असते. कोकणातून चढणाऱ्याला दम लागतो तसा आपल्याला लागत नाही, हे त्यांना आधीच सांगा.

पहिला रविवार: पांडवलेणी

हे वाचून नाशिककर हसतील. लहानपणी शाळेच्या सहलीत गेलो, बॉबी खाल्ली, खाली आलो, झालं की. म्हणूनच पुन्हा जा म्हणते. मुंबई-आग्रा महामार्गावर पाथर्डी फाट्याजवळ, पायऱ्या चढायला वीस मिनिटं. तिकीट पुरातत्त्व खात्याचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. जायचं मात्र सकाळीच. कोवळ्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, आणि दहानंतर वर येणाऱ्यांना लेण्यांपेक्षा सेल्फीत जास्त रस असतो.

लेणी २४ आहेत. सगळी बघायच्या नादाला लागू नका. तीन, दहा आणि अठरा पुरे. अठरावं म्हणजे चैत्य, प्रार्थनेचं लेणं, आत स्तूप. तिथे गप्प बसायला बरं वाटतं. तिसऱ्याच्या ओसरीला खालून पेलून धरणारे यक्ष आहेत, जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेले. पोरांना ते सगळ्यात जास्त आवडतात. आत शिरण्याआधी ओसरीच्या मागच्या भिंतीवर वर पाहा. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी या आजीनं लेणं दान केलं आणि त्या निमित्तानं आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती दगडात कोरून घेतली. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं त्याचं वर्णन त्यात आहे. सासूबाईंचं यावर मत: "आईनं लिहिलंय म्हटल्यावर थोडं वाढवूनच असणार."

मला स्वतःला दहावं लेणं जवळचं, आणि कारण धंद्याचं आहे. क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा लेख तिथे आहे. त्यानं ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. त्यातले २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दरानं. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. आता जरा हिशेब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं हे मुदत ठेवीचं खातं आजही जुळतं. आमच्याकडे मार्चअखेरीला जुळवताना रात्रीचे नऊ वाजतात. हा लेख मी भाच्याला ओसरीत उभा करून तोंडी सोडवायला लावला. शिकवणीच्या सरांपेक्षा भराभर जमलं त्याला.

एक सूचना. ब्राह्मी आपल्याला वाचता येत नाही, तर जाण्यापूर्वी दोन्ही लेखांचं मराठी भाषांतर शोधून मोबाईलमध्ये उतरवून ठेवा आणि लेखासमोर उभं राहून वाचा. त्याशिवाय ती नुसती खरवडलेली भिंत आहे.

खाली उतरलात की साडेनऊ-दहा झालेले असतात. मिसळ खा. कुठली चांगली यावर नाशिकमध्ये घरं फुटलीत, म्हणून नाव सांगत नाही. दुपार आपली मोकळी.

सिन्नर: ज्येष्ठांना घेऊन जायचं तर हेच

पुणे रस्त्यानं तीसेक किलोमीटर. एसटी सारखी असते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. मात्र ज्येष्ठांचं ओळखपत्र घरी विसरू नका, कंडक्टर चेहरा बघून वय धरत नाही.

गोंदेश्वर गावातच आहे. स्टँडवर रिक्षा मिळते. काळ्या दगडाचा उंच चौथरा, मधोमध महादेवाचं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, समोर नंदीचा मंडप. देवगिरीला जाण्याआधी यादवांचं ठाणं इथे सिन्नरला होतं, आणि देऊळ त्यांच्याच काळातलं, अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचं. घरातली म्हातारी माणसं सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. म्हणू द्या. पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, हे देऊळ त्याच्या आधीचं. शिखराची घडण 'भूमिज' म्हणतात. ती ओळखायची कशी? शिखराच्या चारी बाजूंना मधोमध खालपासून वरपर्यंत एक सलग पट्टा जातो. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं एकावर एक ओळीनं रचलेली दिसतात, वर जाल तशी लहान होत गेलेली. एकदा डोळ्यांना सवय झाली की अंबरनाथच्या देवळात आणि धुळ्याच्या वाटेवरच्या झोडग्याच्या माणकेश्वरातही हेच सापडतं.

देऊळ पूर्वाभिमुख आहे, तेव्हा आठच्या आत पोचलात तर ऊन सरळ सभामंडपात आलेलं असतं. दुपारी फरशी तापते आणि चपला बाहेर असतात, त्यामुळे उन्हाळ्यात मोजे घालून जा. सासूबाईंची ही युक्ती आता आमच्याकडे सगळ्यांनी उचलली आहे. परतताना सिन्नरमधलंच ऐश्वर्येश्वर बघा. लहान आहे, गर्दी नसते आणि दारावरचं मकरतोरण जवळून बघायला मिळतं.

सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीचंही नाव लक्षात ठेवा. तिथे बघायला काही नाही, मुद्दाम जाऊ नका. पण १९०६ मध्ये त्या गावात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला, १३,००० हून जास्त. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. पांडवलेण्यात ज्याच्या जावयाची ठेव, त्याचंच चलन जिंकणाऱ्यानं असं फिरवलं. लेणी आणि नाणी एकाच आठवड्यात डोक्यात ठेवली की इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळ्या जाग्यावर बसतात.

अंजनेरी आणि त्र्यंबक: एका दिवसात दोन्ही जमतं, पण क्रम चुकवू नका

आधी डोंगर, मग देव. उलटं केलंत तर त्र्यंबकेश्वरच्या रांगेत तीन तास जातात आणि अंजनेरी भर उन्हात चढावी लागते. त्र्यंबक रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाटा. सिंहस्थाच्या कामांमुळे या रस्त्यावर नेहमीपेक्षा अर्धा तास जास्तच धरून चला. सातला पायथ्याशी असाल तर उत्तम.

पायथ्याच्या गावाला वळसा घालून थेट पायऱ्यांकडे जाणारे नव्वद टक्के. थांबा. गावाच्या आसपास शेतांमध्ये जुन्या देवळांचे अवशेष आहेत, जैन आणि हिंदू दोन्ही. काहींची शिखरं गेली, काहींचा मंडप उरलाय, कोरीव दगड बांधाला टेकलेले. एका जैन देवळात यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातला ११४१ सालचा शिलालेख आहे. भोवती शेतं आहेत, तेव्हा बांधावरून चाला, पिकातून नको, आणि कुणी दिसलं तर "दादा, देवळाकडे जाऊ का?" एवढं विचारा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट विळा बाजूला ठेवून वाट दाखवायला आले.

पायऱ्यांच्या वाटेवर एक लहान जैन लेणं लागतं, मग पठार. पठारावर अंजनीमातेचं देऊळ, पुढे तळं, आणि मग दुसरी चढण. सासूबाई पठारापर्यंत येतात आणि तळ्याकाठी बसतात. तेही पुरेसं आहे, टोकाला जाऊन शिक्का मारायचा नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर पाऊलवाट सोडू नका. याच डोंगराच्या नावानं ओळखली जाणारी 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही दुर्मीळ वनस्पती इथल्या गवतात उगवते. फूल बोटभर, बुटाखाली गेलं तर कळणारही नाही. डोंगराच्या कड्यांवर गिधाडंही आहेत. मान वर ठेवा.

माकडं. पिशवीत प्लॅस्टिकची कॅरीबॅग नको, तिच्या आवाजावर ती येतात. डबा कापडी पिशवीत, पिशवी पाठीवर, पाठ भिंतीकडे. कड्याला मधमाश्यांची पोळी दिसली की अत्तर, उदबत्ती, आरडाओरडा काहीही नको.

उतरल्यावर दोनच्या सुमारास त्र्यंबक. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, १७५५ पासून सुमारे तीस वर्षं काम चाललं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणारी गर्दी हा स्वतंत्र अनुभव आहे. भटकंतीचा बेत त्या रविवार-सोमवारी आखू नका, खासगी गाड्या अलीकडेच अडवतात. अंजनेरीजवळच नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. उघडं आहे का हे आधी फोनवर विचारा, आणि असेल तर त्र्यंबकऐवजी तेच करा असं माझं स्पष्ट मत आहे. देव कुठे जात नाही.

अनकाई-टंकाई: रेल्वेनं जाण्याचा किल्ला

हा माझा सर्वात लाडका बेत आणि नाशिकमध्ये याचं नाव कमी लोकांना ठाऊक. नाशिकरोडहून मनमाड तासाभराचं. या मार्गावर गाड्या भरपूर, अनारक्षित डब्यात रविवारी सकाळी उभं राहायला तरी जागा मिळते. मनमाडहून येवल्याकडे जाणारी एसटी किंवा काळीपिवळी पकडा आणि अनकाई फाट्याला उतरा. खिडकीबाहेर अंगठा वर केल्यासारखा सुळका दिसेल, ती हडबीची शेंडी. शेंडी दिसली की पैसे हातात काढा, फाटा जवळ आला.

अनकाई आणि टंकाई हे शेजारी-शेजारी दोन किल्ले, मधे खिंड. आधी टंकाईच्या बाजूची जैन लेणी बघा. ती अर्ध्या उंचीवरच आहेत आणि तिथपर्यंत बांधलेल्या पायऱ्या आहेत. काही लेणी दुमजली. आत छताला कोरलेलं कमळ आहे, पाकळ्यांच्या रांगा एकात एक. मान दुखेपर्यंत वर बघायचं नसेल तर सरळ पाठीवर झोपा, खाली चादर टाकून. इंद्र आणि अंबिकेच्या मूर्ती बऱ्याच झिजल्या आहेत. हातात विजेरी ठेवा आणि उजेड समोरून न टाकता बाजूनं टाका, झिजलेले दागिनेही दिसू लागतात. वहिनीनं मोबाईलचा उजेड असाच तिरपा धरला तेव्हा अंबिकेचा गळ्यातला हार दिसला, आणि मग तिनं पैठणीच्या काठाशी ताडून बघायला सुरुवात केली.

मग खिंडीतून अनकाईकडे. एकामागून एक दरवाजे लागतात. १६३५ च्या सुमारास शहाजहानच्या सरदारानं हा किल्ला घेतला. दरवाजे बघितल्यावर लढून घेणं किती अवघड होतं ते कळतं. वर अगस्ती ऋषींची गुहा आहे आणि मोठं पठार. माथ्यावर सावली नाही, पाणी प्यायला नाही असंच धरून चाला. माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्या. दोन्ही किल्ले करण्याचा हट्ट धरलात तर मनमाडला परतायला संध्याकाळ होते. लेणी आणि अनकाई एवढ्यात तीनला खाली येता.

जेवण? मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे, तिथे लंगर असतो. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल हवा, एवढंच. आणि वहिनी सोबत असेल तर फाट्यावरून उलट दिशेला येवला, पैठणी 'फक्त बघायला'. ते झालं की शेवटची गाडी गाठायचा बेत मोडतो, म्हणून मी दोन्ही एका दिवसात बसवत नाही.

बाकीची थोडक्यात

नांदूर मध्यमेश्वर: निफाडच्या पुढे, गोदावरी-कादवेच्या संगमावरचं धरण आणि त्यामागचं पाणथळ. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. डिसेंबर-जानेवारीत, सूर्योदयाला मनोऱ्यावर. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो, तेव्हा स्कूटरवर जाणार असाल तर हातमोजे घालाच. दुर्बीण तिथे भाड्यानं मिळते का बघा, नाहीतर शेजाऱ्याची मागून न्या.

रामशेज: पेठ रस्त्यानं आशेवाडी, शहरापासून अगदी जवळ. पहिल्यांदा किल्ला चढणाऱ्या मुलांना हाच. दिसायला ठेंगणा, पण संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही. तासाभरात वर, दुपारच्या जेवणाला घरी.

भंडारदरा-रतनवाडी: घोटीवरून. रतनवाडीचं अमृतेश्वर आणि शेजारची पुष्करणी बघण्यासारखी. रविवारी घोटी ते शेंडी गावापर्यंत गाड्यांची रांग लागते. शनिवारी सुटी असेल तरच.

हरिहर: कड्यात कोरलेल्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघून पोरं हट्ट धरतात. पावसाळ्यातल्या रविवारी सरळ नाही म्हणा. एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशा पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की कुणीच हलू शकत नाही. डिसेंबरातला आडवार, निरगुडपाड्याहून, सकाळी सात. वनखात्याचे नियम अधूनमधून बदलतात, आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा.

आदल्या रात्री करायचं ते एवढंच: नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण खिंडीत नेटवर्क जातं. सुट्टे पैसे घ्या, कारण काळीपिवळीवाल्याला क्यूआर दाखवला की तो हसतो. भाकरी, कोरडी चटणी, उकडलेली अंडी किंवा बटाटे घ्या, रस्सा नको. परतीची शेवटची एसटी किती वाजता ते सकाळी उतरतानाच स्टँडवर विचारून घ्या आणि तिच्या आधीच्या एसटीनं निघायचं असं मनात धरा.

साल्हेरबद्दल सारखं विचारतात, विशेषतः २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि १६७२ ची मराठे-मोगल लढाई. बागलाणात शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. हा एका दिवसाचा बेत नाही. सोमवारची रजा टाका आणि शनिवारी रात्री पायथ्याला मुक्काम करा.